शाळेच्या गच्चीवरचा भोंगा

कुठलीही वस्तू हातात आली की तो आधी ती उलटी करायचा. चहाचा कप असो, डस्टर असो, नाहीतर माझं नवं घड्याळ. "बघू जरा, आत काय आहे," असं म्हणेपर्यंत स्क्रू निघालेला असायचा. घड्याळ त्यानं परत जोडून दिलं, चालूही होतं. पण माणसानं आधी विचारावं तरी. तसं मी सुनावलं, तर म्हणतो, "मॅडम, विचारलं असतं तर तुम्ही दिलं नसतं ना."

आमची शाळा इंदूरला, परदेशीपुऱ्यात, कापड मिलच्या अगदी जवळ. मी मराठी शिकवायची, तो विज्ञान. वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा, म्हणून मी अरे-तुरेच करायची. प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट, आणि किल्ली हेडसरांकडे. काही फुटलं-बिटलं तर काय, ही त्यांची काळजी. यानं कपाटाची आशा सोडली आणि मुलांना घेऊन थेट कबाड्याच्या दुकानात गेला. "जे बंद पडलंय ते उचला रे, अपन चालू करू." पंखे, रेडिओ, पाण्याच्या मोटारी; वर्गात बसायला जागा उरेना. पलीकडे मी कविता शिकवतेय आणि इकडून खर्रर्र. भांडले मी त्याच्याशी. पण खोटं कशाला बोलू, माझ्या तासाला पेंगणारी पोरं त्याच्या तासाला उभी राहून शिकायची, आणि मला त्याचा हेवा वाटायचा.

मिल तेव्हा बंद होऊन बराच काळ झाला होता. पण 'बंद' म्हणायचं नाही, 'अभी रुकी है' म्हणायचं, असा मोहल्ल्याचा रिवाजच पडला होता. कोर्टात केस चालू होती. कबाड्याकडे मिलचंच सामान यायला लागलं, तरी कुणी तो शब्द तोंडातून काढत नसे. याचे वडील, आम्हा सगळ्यांचे काका, त्याच मिलमध्ये होते. रोज सकाळी दाढी करून, खाकी शर्ट घालून ओट्यावर बसायचे. "भोंगा झाला की निघतो," म्हणायचे. घर चालायचं ते याच्या पगारावर, आणि हा अजून टेंपररी. कायम होण्याचा कागद हेडसरांच्या सहीसाठी थांबला होता. काकांना घरात कुणी समजवायला जात नसे, यानंही कधी तो विषय काढला नव्हता.

त्या वर्षी आवाजाचा धडा आला आणि मुलांनी ठरवलं, भोंगा करायचा. कबाड्याकडून जुनी मोटार आणली, पत्र्याच्या डब्याला खाचा पाडल्या, डबा मोटारीवर बसवला. वर्गात चालवून पाहिला तर नुसती घुमघुम. एक मुलगी म्हणाली, "सर, पुढे कर्ण्यासारखा भोंपू लावून गच्चीवर नेऊ ना." "नेऊ की. करून बघू." आम्ही सगळे तिथलेच, रोज मिलवरून जाणारे, पण परदेशीपुऱ्यात सकाळी भोंगा वाजला म्हणजे काय, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

गच्चीवर त्याच मुलीनं बटण दाबलं. आवाज आधी गुरगुरला, मग चढत गेला, चढतच गेला. मुलं नाचायला लागली. मी कठड्यापाशी होते, मला खाली दिसलं. घराघरांतून माणसं बाहेर पडत होती. कुणी बनियनवर, कुणी शर्टाची बटणं लावत, आणि सगळी मिलच्या फाटकाकडे पळत होती. एक बाई दारात उभी राहून रडत होती आणि हसतही होती. "अरे, बंद कर ते," मी म्हटलं. त्यानं खाली पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. एरवी डोळे मिटून वायरी जोडणारा माणूस, त्याला ती एक वायर काढता येईना.

मिलच्या फाटकाला कुलूप होतं. आवाज कुठून आला हे लोकांना कळायला कितीसा वेळ लागणार? गर्दी वळली ती शाळेवरच आली. "किसने बजाया? बाहर निकालो उसको." एकाच्या हातात वीट होती. मुलं जिन्यात अंग चोरून बसली होती. जिनं बटण दाबलं तिचा बाप बाहेर गर्दीत होता.

हेडसरांनी याला बाजूला घेतलं. "सांग, मुलांनी न विचारता वाजवला. पोरांना दोन थपडा बसतील आणि विषय संपेल. नाहीतर संस्था तुला ठेवणार नाही, मग माझ्याकडे येऊ नकोस."

तो शाळेचं फाटक उघडून बाहेर गेला. मीही मागोमाग गेले, कुठल्या धीरानं कोण जाणे.

सगळ्यांत पुढे त्याचे वडील उभे होते. दम लागलेला, एकाच पायात चप्पल.

"भोंगा मी वाजवला," तो म्हणाला. "मुलांना शिकवत होतो. चूक माझी आहे."

वीटवाला पुढे सरकला. काकांनी हात आडवा धरून त्याला थांबवलं. "म्हणजे गेट नाही उघडलं?"

"नाही, बाबा."

"आज नाही?"

सगळा मोहल्ला कान देऊन ऐकत होता. 'आज नाही' एवढंच म्हणाला असता तरी चाललं असतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हण रे बाबा, तेवढंच म्हण.

"मिल बंद झाली, बाबा. आता नाही उघडणार."

कुणी त्याला हात लावला नाही. त्या माणसानं वीट भिंतीशी नीट ठेवून दिली. एकेक करत सगळे घरी गेले. काका मात्र बराच वेळ तिथेच उभे होते.

हेडसर बोलल्याप्रमाणे वागले. महिना संपला आणि त्याला शाळेतून निरोप मिळाला. पुढे तो पीथमपूरला कुठल्याशा कारखान्यात लागला, असं ऐकलं. मला पुन्हा दिसला नाही. शेवटच्या दिवशी तो पाने-पकडी थैलीत भरत होता आणि मी दारात उभी होते. रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता.

"मुलांना वाचवलंस, ठीक," मी म्हटलं. "पण काकांना एवढं खरं सांगायची काय गरज होती?"

"कुणीतरी सांगायला हवं होतं ना, मॅडम."

"कसे आहेत ते?"

"जेवतात. बोलत नाहीत." त्यानं थैलीला गाठ मारली. "एकदाच बोलले. म्हणाले, मिल तू बंद केलीस."