माय मागच्या पायरीवर बसली होती

माझा अशा गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आताही आहे असं म्हणवत नाही. मी नंदुरबारला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. जे काचेखाली दिसतं आणि मशीन जो आकडा देतं ते खरं, एवढंच मानत आले. या ग्रुपवरचे अनुभव वाचतानाही मनात यायचं, याला ताप असेल, हिला झोप लागली असेल... आणि आज मीच लिहायला बसलेय. माझा धाकटा भाऊ किशोर असलं काही वाचत नाही, म्हणून तर इथे लिहिते. नावं सगळी बदलली आहेत.

आमचं माहेरचं गाव तळोद्याच्या खाली, तापीच्या अंगाला. काळी जमीन, केळी, ऊस, कापूस. ओट्यावर उभं राहिलं की उत्तरेला सातपुडा दिसतो. माय धानोऱ्याहून लग्न होऊन इथे आली. त्यानंतर तिचा प्रवास म्हणजे खांडबाऱ्याला बहिणीकडे, आणि एकदाच सुरतेला. शाळा अगदी थोडी. टीव्हीवर कीर्तन आणि संध्याकाळची एक मालिका. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे घडलं त्यावर मी स्वतःच पहिली शंका हीच काढली होती की, कुठेतरी बघितलं असेल.

वडील जाऊन बरीच वर्षं झाली. किशोर बी.एस्सी. ॲग्री झाला, टिश्यू कल्चरची केळीची रोपं करणाऱ्या एका कंपनीत लागला आणि तिथून थेट ग्वाटेमालाला गेला. मेक्सिकोच्या खाली आहे तो देश. तिकडे केळीच केळी. त्याची बायको मनीषा गावी मायजवळ राहिली. तो निघाला तेव्हा माय आमच्या केळीकडे बघत एकदाच म्हणाली होती, "केया आठे काय कमी शेतस?" मग तो विषय तिने परत काढला नाही. रोज संध्याकाळी ओट्यावर बसायची, फोन यायचा. आपल्याकडे दिवस मावळतो तेव्हा तिकडे उजाडतं. "तुना दिन उगना का रे?" हा तिचा रोजचा पहिला प्रश्न.

मागच्या हिवाळ्यात तिची किडनी गेली. रिपोर्ट मीच काढत होते. क्रिएटिनिनचा आकडा बघून मी सॅम्पल परत लावलं... आकडा तोच आला. डायलिसिस सुरू केलं, पण तिच्या हृदयाला ते झेपेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, घरी न्या. किशोरला आजारपण माहीत होतं, पण किती वाढलंय ते नाही. सांगायचं नाही म्हणून मायने आम्हा दोघींना शपथ घातली होती. "धावत यी तो. नोकरी जाई त्यानी." महिनाअखेरीला त्याची रजा होतीच. तोवर निभेल असं आम्हाला वाटत होतं.

निभलं नाही. एका रविवारी दुपारपासून तिचा श्वास बदलला. तेव्हा मी शपथ बाजूला ठेवून किशोरला फोन लावला. नॉट रीचेबल. मनीषाने लावला, मेसेज टाकले. काही नाही. मायची खाट ओसरीत होती. दिवस कलला होता, अंगणात तुरीच्या शेंगा वाळत होत्या. मनीषा डोक्याशी आणि मी पायाशी बसलेले.

"नंदा, पाय दुखतस व," माय म्हणाली.

मी पाय चेपायला घेतले.

"कितल्या मोठ्या पायऱ्या शेतस... हात टेकीसन चढनं पडस."

"कसल्या पायऱ्या, माय?"

"दगडन्या. किशोर वर गया ना, म्हनीसन चढी ऱ्हायनू."

मी मनीषाकडे पाहिलं. रक्तात युरिया वाढला की पेशंट बरळतो, हे मला पाठ आहे. मी मानेनेच तिला सांगितलं, बोलू दे.

"धुक्कं शे बाई. काही दखात नई." ती खरंच चढ चढल्यासारखी धापत होती. मग एकदम माझा हात घट्ट धरला. "वाघ!"

"वाघ नाही माय, मी आहे."

ती कान देऊन ऐकत राहिली. आणि हसली. "वांदरा शेतस व! कसा बोंबली ऱ्हायनात, वाघनागत."

मनीषाने वाकून विचारलं, "माय, तुम्ही कोठे शेतस?"

"काय माहीत. मोठं मंदिर शे. अर्धं माटीमा गाडेल. वरे झाड उगेल शे, मुळ्यास्नी दगड धरी ठेयेल शेतस." तिची बोटं गोधडीवरून सावकाश फिरत होती, भिंत चाचपावी तशी. "मजार देव नई, नंदा." आत देव नाही, हे तिने दोनदा म्हटलं. तिला त्याचं फार वाईट वाटलं होतं. "इतलं मोठं गाव, नि एक मानूस नई. लोके कथा गयात हुतीन?"

लोक कुठे गेले, हे ती आम्हालाच विचारत होती.

मग एकदम रागवल्या आवाजात म्हणाली, "फोडी लिधा ना गुडघा! रुमाल बांध. हां... कसीसन."

मनीषाने परत फोन लावला. नॉट रीचेबल.

"रडी ऱ्हायना पोऱ्या," माय म्हणाली.

"कोण, माय?"

"किशोर. बाकीना लोकेसपाईन दूर जाईसन बठेल शे. काबर रडस रे भाऊ?"

आजारी माणसाशी जसं बोलतो तसं मी बोलले. "हाक मार ना त्याले."

"मारी. त्याले आयकू नई वनं."

"मंग जवळ जाय."

"जवळच शे व मी. त्याना मांगली पायरीवर बठेल शे."

समोर आमच्या उसामागे सूर्य बुडत होता. ओसरीत अंधारून आलं होतं, आणि माय म्हणाली, "दिन उगना." तिचा चेहरा असा उजळला की मनीषा रडता रडता थांबली. किती वेळ ती तशी बघत होती, सांगता येणार नाही. मग हळूहळू तो चेहरा उतरला.

"दखं ना त्यानी मन्हाकडे," ती म्हणाली. "चांगलं मांगे वळीसन दखं. नि तोंड फिराई लिधं."

मनीषाने पदराने तिचे डोळे पुसले.

"जाऊ दे," माय म्हणाली. "बसू दे त्याले. दमेल शे."

त्यानंतर ती बोलली नाही. घरोघर दिवे लागायच्या वेळेला गेली.

किशोरचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी लागला, तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि तिरडी बांधून झाली होती. मनीषाने फोन माझ्या हातात दिला. मी सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "थांबू नका माझ्यासाठी." अग्नी चुलतभावाने दिला. किशोर पोचला तेव्हा अस्थीही तापीत सोडून झाल्या होत्या.

मायच्या बोलण्यातलं आम्ही त्याला काही सांगितलं नाही. मरणाऱ्या माणसाचं बरळणं, ते पोराला कशाला सांगायचं, असं मला वाटत होतं. मनीषाचं मत वेगळं असावं, पण तिने माझं ऐकलं.

दहाव्याला आम्ही सगळे नदीवर गेलो. किशोरने मुंडण केलं, पँट काढून पंचा नेसला आणि वाळूत मांडी घालायला खाली बसला. त्याच्या उजव्या गुडघ्यावर मोठी खपली होती. मनीषाच्या हातातला तांब्या खाली पडला.

"हे काय झालं?" मी विचारलं.

"पडलो होतो."

"कधी?"

"त्याच रविवारी." तो ओशाळल्यासारखा झाला. "ताई, माझी माय मरत होती आणि मी फिरायला गेलो होतो. तुला सांगायची हिंमत नाही झाली."

विधी होईपर्यंत मी कशीबशी थांबले. मग तिघंच काठाकाठाने थोडं पुढे गेलो आणि त्याने सांगितलं. त्याच्या बागेवरची पोरं शनिवारी कामावरून सुटताना म्हणाली, चल, तुला काहीतरी दाखवतो. अगदी अचानक ठरलं, म्हणून घरी कळवलंही नव्हतं. रातोरात जीपने पार दुसऱ्या टोकाला, दाट जंगलात. तिथे माया लोकांचं जुनं शहर आहे. कोणे काळी लोक सोडून गेले आणि जंगलाने ते गिळलं. थोडं साफ केलेलं, बाकीचं अजून मातीखाली, लांबून नुसत्या टेकड्या वाटाव्यात. उजाडताना एका देवळाच्या माथ्यावर चढून सूर्योदय बघायचा, अशी तिथली रीत.

"पायऱ्या एवढ्या उंच की हात टेकून चढावं लागतं. धुकं होतं, तिथेच गुडघा फुटला, रुमाल बांधून वर गेलो. आणि तिथली माकडं... ताई, आधी मला वाघच वाटला."

मनीषा वाळूतच खाली बसली.

मग मी त्याला सांगितलं. मायने जसं सांगितलं तसं, तिच्याच शब्दांत. झाडाची मुळं, देव नसलेलं देऊळ, रुमाल. तो मध्ये मध्ये थांबवून विचारायचा, "परत सांग. कशी म्हणाली?" मी परत सांगायची. तो रडत असल्याचं माय म्हणाली, हे सांगितलं तेव्हा मात्र त्याने माझा हात धरला.

"हे कुणालाच माहीत नाही," तो म्हणाला. "पोरांना दिसू नये म्हणून मी मागच्या बाजूला जाऊन बसलो होतो."

"का रडत होतास?"

"काही नाही गं. सूर्य वर येत होता. वाटलं, आता गावात मावळत असेल. माय ओट्यावर बसली असेल फोनची वाट बघत. आणि इथे रेंज नाही. एवढंच."

नदीचं पाणी थंडीमुळे अगदी निवळ होतं. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी धूत होतं. किशोरने विचारलं, "माय कुठे होती म्हणाली?"

"तुझ्या मागच्या पायरीवर."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाला, "मी मागे बघितलं होतं, ताई. रडायच्या आधी. कुणी आलं तर नाही ना, म्हणून नीट वळून बघितलं. पायरी रिकामी होती. कुणीच नाही म्हटल्यावरच मला रडू फुटलं."

मनीषाने माझ्याकडे पाहिलं. मायचं ते वाक्य, त्याने तोंड फिरवल्याचं, एवढं एकच मी त्याला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी नाही सांगितलं आणि त्यानंतरही नाही. मनीषानेही नाही. या विषयावर आम्ही दोघी एकमेकींशीसुद्धा बोललेलो नाही.

"पण तुला काही जाणवलं?" मी विचारलं. "वारा, वास, काहीही?"

त्याने खूप वेळ आठवून पाहिलं. त्याला काहीतरी आठवावं असं मला मनापासून वाटत होतं. खोटं असतं तरी चाललं असतं.

"काहीच नाही," तो म्हणाला.

किशोर कराराचे राहिलेले महिने पुरे करायला परत गेला. त्या देवळाकडे तो पुन्हा गेलेला नाही. नंतर त्याला शोधत आलेल्या पोरांनी काढलेला एक फोटो मात्र त्याने मला पाठवला. त्यात त्याची पाठ आहे, मागे शेवाळलेली पायरी आहे. मी तो मोठा करून करून पाहिला आहे. लॅबमध्ये स्लाइड बघते तसा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. पायरीवर काही नाही.

स्पष्टीकरणं मी सगळी देऊन पाहिली. युरियामुळे माणूस बरळतो, हे खरं. दिवस तिकडे कधी उगवतो ते मायला माहीत होतं, हेही खरं. दगडी देवळं, माकडं तिने टीव्हीवर कधीतरी पाहिलीही असतील, धरून चालू. पण गुडघा? रुमाल? सगळ्यांपासून लपून रडणं? डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, योगायोग. असेलही. मला याहून जास्त काही कळलेलं नाही, आणि कळेल असंही वाटत नाही.

खरं तर मायला ते कसं दिसलं, हा प्रश्न मला आता फारसा पडत नाही. तापीकाठच्या खाटेवरून तिला तो दिसला, एवढं मी सोडून देऊ शकते. पण त्याने नीट वळून पाहिलं होतं हो... आणि ती तिथेच बसली होती.