फक्त देवाला सांगा

उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजच्या मुलींना सहा आठवडे कुठंतरी काम करून त्याची वही भरून द्यावी लागे. कुणी बँकेत गेली, कुणी दवाखान्यात. ही गेली आपल्याच चर्चच्या युवक संघात, लहान मुलांच्या शिबिरात. वडील म्हणाले, "तिथं काय शिकणार? तू तिथंच रांगत होतीस."

"आता उभ्यानं बघते," ती म्हणाली.

मुलांनी पहिल्याच दिवशी तिला नाव ठेवलं, काडीताई. तिच्या हातापायांकडं पाहिलं की कारण विचारावं लागत नसे. सकाळी आठला ती हॉल झाडायची, सतरंज्या अंथरायची, त्रेचाळीस मुलांच्या चपला भिंतीशी जोडीनं लावायची. मग हातवारे करत गाणी, बायबलची गोष्ट, डिंक आणि कागद. बाराला पाव आणि उकडलेलं अंडं. एकला मुलं घरी गेली की केसांत अडकलेला डिंक सोडवत ती वही लिहायला बसे.

शिबिर मोठ्या बाई चालवायच्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. पहिल्या दिवशीच त्यांनी बजावलं होतं, "मुलानं काही गंभीर सांगितलं तर आधी माझ्याकडं यायचं. स्वतःच्या डोक्यानं काही करायचं नाही. डोकं अजून कच्चं आहे."

बुधवारी मुलं चिठ्ठ्यांवर आपापल्या प्रार्थना लिहून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकत. नाव लिहायचं नाही, असा नियम. सायकल मिळू दे. दात लवकर येऊ दे. गणिताच्या सरांची बदली होऊ दे. तिसऱ्या बुधवारी काडीताईनं एक चिठ्ठी उघडली. 'आईचं ऑपरेशन नीट होऊ दे. हे कोणाला सांगू नका. फक्त देवाला सांगा.'

ती नळापाशी गेली. तिथं मास्तरीण आपल्या बहिणीचं तोंड धूत होती. मास्तरीण अकरा वर्षांची, सगळ्यांना रांगेत उभं करणारी. बहीण चार वर्षांची, दिवसभर हिचा फ्रॉक धरून मागं मागं. तिला सगळे शेपूट म्हणत.

"मास्तरीणबाई, चिठ्ठी तुझी ना?"

"चिठ्ठीवर नाव नसतं."

"इतकं वळणदार अक्षर या हॉलमध्ये माझंसुद्धा नाही."

मास्तरणीनं नळ बंद केला. तिच्या खिशात रुमालात बांधलेलं अंडं होतं. स्वतःचं न खाता शेपटीच्या संध्याकाळच्या जेवणासाठी ठेवलेलं.

"आई रविवारी भरती झाली. पोटात गाठ आहे. दहा दिवसांनी येईल. रात्री शेजारच्या आजी झोपायला येतात, त्यांना ऐकू येत नाही. सगळ्यांना सांगितलंय, आई बाहेरगावी कामाला गेलीय."

"अगं, पण तुझे काका आहेत ना गावात?"

"त्यांनाच तर कळू द्यायचं नाहीये." ती हळू बोलायला लागली. "काका-काकूंना मूल नाही. शेपूट झाली तेव्हापासून मागतायत. बाबा गेल्यावर तर दर महिन्याला येऊन मागतात. आई आजारी आहे हे कळलं की घेऊनच जातील. एकदा नेली की देणार नाहीत."

"नेतील तर दोघींना नेतील ना?"

"मला कशाला? मी मोठी झालेय." मग तिनं काडीताईचं मनगट धरलं. "ताई, मोठ्या बाईंनासुद्धा नाही सांगायचं. शप्पथ?"

काडीताईनं मान हलवली.

त्या संध्याकाळी घरी काडीताईच्या आईच्या बोटांना कणीक होती आणि फोन खांदा नि कान यांच्यात दाबलेला होता. चर्चच्या मंडळीतल्या सतरा बायकांची प्रार्थनेची साखळी होती. एकीनं दुसरीला फोन करायचा, अडचण सांगायची, दोघींनी प्रार्थना करायची, मग दुसरीनं तिसरीला. काडीताई याच साखळीत वाढली होती. भावाचा नापास झालेला विषय, आजीचा मोतीबिंदू, सगळं याच वाटेनं वर गेलं होतं. वडिलांची मूळव्याध सतरा बायकांनी देवाच्या कानावर घातली, तेव्हापासून वडील चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचे.

"तोंड का उतरलंय?" आईनं विचारलं.

कोणाला सांगायचं नाही म्हणजे माणसांना सांगायचं नाही, आणि देवाला सांगायचं म्हणजे साखळीत द्यायचं. या घरात दुसरी रीत तिनं पाहिलीच नव्हती. उलट चिठ्ठी उघडल्यापासून पहिल्यांदाच आपण काहीतरी करतोय असं तिला वाटलं.

"नाव नाही सांगणार हं," ती म्हणाली.

"नकोच. देवाला पत्ता लागतो का?" आईनं हात धुतले आणि नंबर लावला. "हो, ऐका. दोघी बहिणी आहेत, अकरा नि चार वर्षांच्या. वडील नाहीत, आईचं पोटाचं ऑपरेशन. पोरी एकट्याच आहेत हो घरात. नाव मलाही ठाऊक नाही."

साखळीतली अकरावी बाई शिवणकाम करायची. मास्तरणीच्या काकूचे कपडे तिच्याकडंच शिवायला असत. अकरा नि चार ऐकताच तिला कळलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. काकूला अजून कुणी सांगितलंच नाही वाटतं, बिचारी, एवढंच तिला वाटलं.

शुक्रवारी मुलं कागदाच्या होड्या करत होती तेव्हा काका-काकू दारात उभे राहिले. काकूच्या हातात नवा फ्रॉक होता, घडी न मोडलेला. मास्तरणीनं त्यांना पाहिलं, मग काडीताईकडं पाहिलं.

"बाई," काका मोठ्या बाईंना म्हणाले, "वहिनी ऑपरेशनच्या टेबलावर, पोरी वाऱ्यावर, आणि आम्हाला शिवणारणीकडून कळतं. रक्ताचं नातं आहे की नाही?"

बाईंनी मुलींचा शिबिराचा फॉर्म काढला. अडचणीत कुणाला कळवायचं, तिथं आईनंतर नाव काकांचंच होतं. आईचा फोन बंद होता.

"दोघींना न्या," काडीताई मध्येच म्हणाली. "नेणार असाल तर दोघींना."

"तू कोण गं?" काकू म्हणाली. पण ती रागात नव्हती, तिचं सगळं लक्ष शेपटीकडं होतं. "घर एका खोलीचं आहे. मोठी समजूतदार आहे, तिला आजी आहेत. ये गं राणी, बघ काय आणलंय."

बाईंनी काकांकडून कागदावर लिहून घेतलं, 'आई घरी येईपर्यंत'. काकांनी न वाचता सही केली.

मास्तरणीनं शेपटीच्या सँडलचा पट्टा लावला. "तिला दूध कोमट लागतं," ती काकूला म्हणाली. "झोपताना कान धरू द्यायचा. स्वतःचा नाही, तुमचा." मग आपल्या फ्रॉकवरची ती चिमुकली मूठ तिनंच उघडली.

दार लागल्यावर मोठ्या बाई काडीताईला म्हणाल्या, "माझ्याकडं का नाही आलीस? मी बुधवारीच दवाखान्यात गेले असते. दोघींना माझ्या घरी ठेवलं असतं."

मास्तरीण काडीताईशी बोलणं सोडाच, तिच्या हातचा पावही घेईना.

शनिवारी ती एकटीच दवाखान्यात गेली. मास्तरणीची आई सरळ पडून होती, नाकात नळी होती. "मावशी, मी शिबिरातली," एवढं म्हणताच आईनं विचारलं, "पोरी कशा आहेत?"

काडीताईनं सगळं सांगितलं. बुधवारपासून शुक्रवारपर्यंत, साखळीसकट. आईनं चादर बाजूला केली आणि पाय खाली सोडायला लागली. नर्स धावत आली. "बाई, टाके आहेत! मरायचंय का?"

आई पुन्हा आडवी झाली. "आणि मी सांगून ठेवलं होतं पोरीला," ती छताकडं बघत म्हणाली, "चर्चमध्ये जा, तिथं भलं होईल."

आई बारा दिवसांनी सुटली. दवाखान्यातून ती घरी गेलीच नाही, सरळ काकांच्या दारात गेली. बरोबर मोठ्या बाई होत्या, काकांच्या सहीचा कागद घेऊन, आणि मास्तरीण होती. काडीताईला आईनंच बोलावलं होतं. डॉक्टरांनी दोन महिने वजन उचलू नका म्हणून सांगितलं होतं, आणि काकांचं घर तिसऱ्या मजल्यावर.

काकांनी कागद वाचला, परत वाचला, मग खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

शेपूट काकूच्या मांडीवर होती. आईनं हात पुढं केला. शेपटीनं तिच्याकडं पाहिलं. आई बरीच वाळली होती. शेपटीनं तोंड काकूच्या गळ्यात लपवलं.

"बघ की गं," काकू रडायलाच लागली, "मी काही शिकवलं नाही तिला. देवाशपथ नाही."

"उचल," आई काडीताईला म्हणाली.

काडीताईनं एकेक बोट सोडवलं. काकूच्या पदरावरचं एक, कानावरची तीन. शेपूट किंचाळली. जिन्यात तिनं काडीताईच्या खांद्याला कडकडून चावा घेतला. खालच्या मजल्यावरचं दार उघडलं, कुणीतरी बाहेर डोकावून म्हणालं, "अहो, मूल कुणाचं आहे हे?"

पुढं आई कठडा धरून एकेक पायरी उतरत होती, तिच्या दंडाखाली मास्तरीण. दोघींपैकी कुणीच वळून पाहिलं नाही. काडीताई त्यांच्या मागून उतरत राहिली. वरून काकूचं रडणं ऐकू येत होतं आणि हातातली पोर 'आई, आई' म्हणत वरच्या दाराकडं हात करत होती.