सुनावणीच्या दिवशी उतरवायचा फोटो

सुनावणीच्या दिवशी माझं पहिलं काम म्हणजे स्टुलावर चढून सरांच्या खुर्चीमागचा फोटो उतरवणं. फोटोत मंत्री सरांना शाल-श्रीफळ देताहेत. त्यांनी सरांना घरवाटप मंडळाचं अध्यक्ष केलं, त्या दिवशीचा. पुढे त्याच मंत्र्यांनी चाळकऱ्यांची घरं आपल्या माणसांना वाटली अशी बोंब झाली, सरकारने चौकशी लावली आणि सोपवली कुणाकडे, तर आमच्या सरांकडेच! मी निवृत्त लघुलेखिका. सरांनी मला अंधेरीच्या ऑफिसात वर्षाच्या कंत्राटावर घेतलं होतं. गुडघे कुरकुरायचे, पण फोटो उतरवायला मीच.

सर माणूस वाईट नव्हते, हीच पंचाईत. गावाहून माझ्यासाठी आठवणीने तेल आणायचे. फोटोबद्दल एवढंच म्हणायचे, "मॅडम, लोकांना उगाच शंका नको."

तक्रारदार एक म्हातारे मालवणी गृहस्थ, विक्रोळीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. चाळ पाडल्यापासून सात वर्षं कांजूरमार्गच्या संक्रमण शिबिरात राहत होते. तिथल्या कचराडेपोच्या वासाने बायकोचा दमा बळावलेला. तिला एकदा स्वतःच्या घरात न्यायचं, एवढंच त्यांचं मागणं. सुनावणीला ते वेळेआधी आले आणि मी स्टुलावरच सापडले.

"ऱ्हवांदे बाये," ते म्हणाले, "काढलंस तरी खिळो दिसता."

मी ओशाळून खाली उतरले. फोटो कपाटामागे ठेवला.

दोन तास ते बोलले. घरांची यादी मंत्र्यांच्या बंगल्यावर कशी बदलली, तिथे चहा द्यायला असलेल्या या म्हाताऱ्यांच्याच पुतण्याने काय पाहिलं, कोणाचं नाव खोडून कोणाचं घातलं. मी लघुलिपीत शब्दन् शब्द उतरवला. मग त्यांना बाहेर बाकावर बसवून सरांनी खिडकीबाहेर बघत मला जबाब सांगितला, जेमतेम अर्धं पान. 'अर्जदाराची माहिती ऐकीव आहे.' पुतण्या त्यात नव्हताच. मी टाइप केला आणि त्यांना आत बोलावून कागद सहीसाठी पुढे केला.

म्हाताऱ्यांनी चष्मा चाचपला, तो घरीच राहिला होता. सरांकडे नाही, माझ्याकडे बघून विचारलं, "माझा सगळा लिवलंस मां?"

वहीत तर सगळं होतं. मी "हो" म्हटलं. त्यांनी सही केली.

त्या "हो"ची मला अजून चीड येते. माझं कंत्राट संपत आलं होतं, बोरिवलीच्या घरात कमावणारी मी एकटीच. ही कारणं मी स्वतःला इतक्यांदा सांगितली आहेत की आता ऐकायलाही कंटाळा येतो.

अहवाल अपेक्षेप्रमाणे आला. पुराव्याअभावी आरोप सिद्ध होत नाहीत. प्रत घ्यायला म्हातारे आले, या वेळी चष्मा घालून. आपलं अर्धं पान त्यांनी उभ्यानेच दोनदा वाचलं. मी खाली मान घालून बसले होते. आता दोन शिव्या घालतील, असं वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुझो राग कसो करू बाये?" ते म्हणाले. "साहेबाक मंत्र्यान नेमल्यान, तुका साहेबान."

प्रत नीट घडी घालून त्यांनी पिशवीत ठेवली आणि कांजूरमार्गला परत गेले.

त्याच आठवड्यात माझं कंत्राट वर्षभरासाठी वाढलं. त्याचं पत्र मीच टाइप केलं.