सगिनालीने पोचवलेलं मांस

इसिक-कुल तळ्याच्या दक्षिणेला असलेल्या आमच्या गावात सभा ठरली की लोक आधी विचारायचे, सगिनाली येणार आहे का? तो आला की हसायला मिळायचं. माणूस शिकारी, नेम पक्का, आणि जीभ नेमाहून तेज. जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं परसात वितळवून गोळ्या तो स्वतःच ओतायचा. बायको ऐजार्किन त्या धुराच्या नावाने रोज बोटं मोडायची.

त्या हिवाळ्यात शिकारी संघाने शाळेत सभा बोलावली. शिशाच्या गोळ्या आणि छर्रे बंद करावेत का, एवढाच विषय. जनावरांची डॉक्टर बेगायिम समजावून सांगत होती. शिशाची गोळी मांसात शिरली की तिचा चुरा होतो, डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक. टाकलेला कोथळा गरुडं-गिधाडं खातात आणि विषाने मरतात. तांब्याची गोळी अशी फुटत नाही. बदकांसाठी पोलादी छर्रे मिळतात.

लोकांच्या शंका खोट्या नव्हत्या. तांब्याच्या गोळ्या काराकोलच्या दुकानांत सहसा मिळायच्या नाहीत, मिळाल्या तर महाग. आजोबांच्या काळातल्या बंदुकांच्या नळ्या पोलादाने खराब होतील, हीही भीती. हे सगळं सरळ बोलता आलं असतं. पण सगिनाली उठला.

"डॉक्टरबाई, माझ्या आजोबांनी जन्मभर शिशाने मारलेलं मांस खाल्लं. म्हातारा नव्वदीत तिसऱ्या लग्नाला उभा होता! असलं विष मला वाटीभर रोज द्या."

सगळे खदखदून हसले. त्याला आणखी चेव आला. "आणि तांब्याची गोळी म्हणे! डोंगरातल्या बोकडाला मारायचंय की दागिना घालायचाय?"

बेगायिमचा चेहरा लाल झाला. ती कागद गोळा करून खाली बसली. विषय तिथेच बारगळला.

मागच्या बाकावर इमानकुल-आके बसले होते; वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडे आके म्हणतात. हातावर गरुड घेऊन कोल्ह्या-सशांची शिकार करणारे आमच्याकडचे शेवटचे म्हातारे. सगिनालीचा बाप लवकर गेला, तेव्हा त्याला डोंगर चढायला आणि वारा ओळखायला यांनीच शिकवलं. म्हणून प्रत्येक शिकारीनंतर तो त्यांच्या गरुडमादीसाठी, कराचाचसाठी, बोकडाचं काळीज आणि गोळी लागलेल्या जागेचं मांस पोचवायचा. सभेनंतरही पोचवलं.

या खेपेला आकेंनी भांडं लगेच घेतलं नाही. "अरे, ती पोरगी सांगत होती त्यात काही..."

"तिचं काय ऐकता, आके! तुमच्या कराचाचला मी विष घालीन का?"

आके स्वतःशीच हसले आणि भांडं घेऊन आत गेले.

थोड्याच दिवसांत कराचाचचे पंख लोंबायला लागले. हिरवी पातळ विष्ठा, मान एका बाजूला कललेली. हातमोज्यावर बसवली तर पंजा आवळेना. सगिनालीनेच गाडी काढली. आकेंनी तिला आपल्या जाड कोटात गुंडाळून मांडीवर घेतलं. वसंतात ते तिला डोंगरात मोकळी सोडणार होते, जोडीदार शोधायला.

बेगायिमने एक्स-रे खिडकीपाशी धरला. पोटात पांढरे ठिपके चमकत होते. सभेचा तिने उल्लेखसुद्धा केला नाही. फक्त विचारलं, "मांस कुठलं घातलं होतं?"

सगिनालीने तोंड उघडलं. पण तो बोलायच्या आधीच आके म्हणाले, "आठवत नाही गं. म्हातारा झालो, कुठलंही आणतो."

औषध दिलं, पण उशीर झाला होता. कराचाच गेली. "वय झालं होतं तिचं," असं आके सगळ्यांना सांगत राहिले. ते खोटं होतं हे गरुड पाळणाऱ्या घरातल्या लहान मुलालाही कळलं असतं. सगिनालीने घराबाहेर पडणं सोडलं. ऐजार्किन म्हणायची, "आकेंनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो. जेवला तरी असता हा."

पुढच्या सभेला तो आला आणि उभा राहिला. म्हणाला, "इमानकुल-आकेंच्या गरुडाला मी मारलं."

लोक हसले. सगिनाली उठला म्हणजे हसायचं, ही सवयच होती. कोणीतरी ओरडलं, "किती लांबून रे?"

"बोकडाच्या काळजात शिसं होतं. मीच पोचवलं होतं. आकेंनी विचारलंसुद्धा होतं मला."

तरी काहीजण हसतच राहिले, आता पुढे गंमत येईल म्हणून. तो तसाच उभा राहिला, मान खाली घालून, सगळे गप्प होईपर्यंत. त्या दिवशी संघाने आपल्या डोंगरात शिशाची गोळी बंद केली. छर्ऱ्यांचं मात्र भांडण अजून चालूच आहे.

नंतर तो बेगायिमची माफी मागायला गेला. ती म्हणाली, "दादा, तुम्ही चेष्टा केलीत त्याचं सोडा. मी घरोघर जाऊन सांगायला हवं होतं. लाज वाटली, म्हणून घरी बसले. गरुड त्यामुळेही मेला."

पुढे आकेंना गरुडाचं एक पिल्लू मिळालं. सगिनालीने मेंढी कापली आणि तिचं ताजं काळीज घेऊन गेला. आकेंनी त्याला बसवलं, चहा दिला, पुढ्यात रोटी ठेवली. मग ते काळीज मांडीवरच्या फडक्यात घेऊन बोटांनी चाचपायला लागले, हळूहळू, तुकडा तुकडा करून.

"सुरीने कापलीय, आके," सगिनाली म्हणाला.

"माहीत आहे रे, बाळा," आके म्हणाले. पण बोटं थांबली नाहीत.