झाडावर नावं कशी कोरायची?

परवा जुन्नरच्या बाजारात एका दुकानापुढे वाळल्या हिरड्यांची पोती उघडी होती. तो तुरट वास नाकात शिरला आणि मी थेट तळेघरच्या वर, आमच्या वाडीत जाऊन उभी राहिले.

नव्वदच्या दशकात एका पावसाळ्यात वाडीवर दरड कोसळली. पाऊस सरल्यावर, गेलेल्या माणसांचं स्मारक करायचं म्हणून सगळे हिरड्याखाली जमले. दरडीच्या वाटेत तेवढं एकच झाड तगलं होतं. सरपंच म्हणाले, “सपाट जागा हीच. झाड काढू, चौथरा बांधू, वर काळा दगड आन् त्याच्यावर नावं.”

माझी चुलती ठकूबाई मागून बोलली. तिचा नवरा त्याच दरडीत गेला होता.

“आरं, ह्याच झाडाला मिठी मारून आमी चौघीजणी वाचलो. ह्यालाच शेंदूर लावा, झालं की स्मारक.”

“काकी, झाडावर नावं कशी कोरायची?” सरपंच हसले, मग सगळेच हसले. मलाही ते बरोबरच वाटलं.

चुलतीनं पदरानं बुंध्यावरचा वाळला चिखल पुसला. सालीवर नखांचे ओरखडे होते. त्यांवरून हात फिरवून ती निघून गेली. दुसऱ्याच दिवशी कुऱ्हाड लागली.

चौथरा देखणा झाला. पण उन्हात दगड असा तापतो, की नावं वाचायला कोणी थांबत नाही.

कडेला हिरड्याचा खुंट तेवढा उरलाय. चुलती जाऊन कितीतरी वर्षं झाली. तरी मी जाते तेव्हा खुंटावरचा शेंदूर ताजाच असतो.