"फोटो काढ ना!"
शेजारच्या मुलांनी दिवाळीत टिकल्या फोडल्या, की त्या जळक्या वासाने माझा हात आपोआप पोटावर जातो. इथे परदेशात, माउंट रॉस्किल उपनगरातलं आमचं कोपऱ्यावरचं दुकान, इथल्या भाषेत डेअरी, हातोड्या घेऊन आलेल्या चोरांनी लुटलं आणि नवरा पिस्तुलाचा हट्ट धरून बसला. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी, कायदा वाचून त्याला स्पष्ट सांगितलं, "स्वसंरक्षणासाठी इथे पिस्तूल मिळत नाही." "अगं, बघून तर येऊ," म्हणत तो मला एका नेमबाजी क्लबात घेऊन गेला. पाहुण्यांना शिकवायचा दिवस होता. ओल्या गवताचा आणि बंदुकीच्या धुराचा वास एकत्र येत होता. नवऱ्याने खिशात मावेल असं सगळ्यात छोटं पिस्तूल मागितलं. "छोटं जास्त उसळतं," म्हणून पांढऱ्या मिशीच्या शिक्षकाने लांब नळीचं दिलं आणि बजावलं, नळी कायम निशाण्याकडेच. पहिली गोळी बरोबर मध्ये लागली. नवरा खुशीत गर्रकन माझ्याकडे वळला, पिस्तुलासकट, बोट चापावरच. "फोटो काढ ना!" नळी माझ्या पोटावर रोखलेली. शिक्षकाने झडप घालून त्याचं मनगट फिरवलं. पिस्तुलात गोळ्या शिल्लक होत्या. परतताना नवऱ्याने गाडीची किल्ली माझ्याकडे दिली. "दुकानात असं झालं असतं तर, गं?" एवढंच तो म्हणाला. आजही दाराची घंटा वाजली की मी दचकते. पण गल्ल्याखालच्या खणात फक्त पावत्यांचे रोल आहेत हे आठवतं, आणि मग मी गिऱ्हाइकाकडे बघते.