मिसकडे उरलेला आवाज

मिस बोलणाऱ्याच्या डोळ्यांत कधी बघायच्या नाहीत, तोंडात बघायच्या. सांताक्रूझच्या गावठाणातल्या त्यांच्या घरी फ्रेंच शिकायला गेलं की आधी हातात आरसा यायचा. "पुस्तक मिट गं. जीभ कुठे टेकली ते सांग आधी."

आमच्या वर्गातली न्गोझी नायजेरियाची. तिची लेक माँट्रियलला, मावशीकडे. फ्रेंचची तोंडी परीक्षा पास झाली तर तिकडची नोकरी, म्हणजे लेक. आम्ही सगळे तिला सरळ 'गोझी' म्हणायचो. मिसनी मात्र पहिल्या दिवशी आरसा स्वतःसमोर धरला. "जिचं नाव मला धड घेता येत नाही, तिला मी काय डोंबल शिकवणार?" आणि तिच्याकडून तिची भाषा, इग्बो, शिकायला बसल्या.

नवा आवाज आपल्याच भाषेतून काढायचा, ही त्यांची रीत. ओठांचा चंबू करून म्हणायचा फ्रेंच 'u' न्गोझीला जमेना. मिस म्हणाल्या, "तुमच्यात ई आहे ना? ऊ पण आहे ना? मग जीभ ईची ठेव, ओठ ऊचे कर. बाहेरून काय आणायचंय?" जमलं की. पण इग्बोतला एक आवाज फ्रेंचमध्येही नाही, मराठीतही नाही. क आणि प एकदम. ओठ बंद, मागे जीभ बंद, आणि दोन्ही एकाच वेळी सोडायचे. परीक्षेला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मिस बोंबील साफ करतानाही तोच घोकायच्या.

मग त्यांचा घसा बसला. गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, लगेच. मिस म्हणाल्या, "न्गोझीची परीक्षा होऊ दे."

"अगं बाय, जीव मोठा की परीक्षा?" त्यांचा भाऊ ओरडला.

"तोंडी आहे रे. मुकी बाई काय शिकवणार?"

न्गोझीला कळू द्यायचं नाही, अशी आम्हाला तंबी होती. खरं सांगते, आता मिसही गेल्या, पण माझा राग गेलेला नाही.

न्गोझी पास होऊन गेली. ऑपरेशन उशिरा झालं. मिसचा आवाज गेला तो गेलाच. एका दुपारी मी त्यांच्याजवळ बसले असताना न्गोझीचा फोन आला. "मिसना दे ना."

मिसनी फोन माझ्या हातातून ओढला, तोंडाशी धरला आणि तो आवाज काढला. क-प, एकदम. त्याला गळा लागत नाही, ओठ आणि जीभ पुरतात.

पलीकडे न्गोझी खूश होऊन हसली. "परफेक्ट, मिस! आता बोला ना काहीतरी."

मिसनी पुन्हा तोच आवाज काढला. मग पुन्हा.

न्गोझीचं हसणं थांबलं.